आपली वीज, आपला हिशेब



ज्यांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी या व्याख्यानमालेला जमतो ते विज्ञानाचे शिक्षक होते. पुस्तकातलं विज्ञान मुलांच्या हातापर्यंत पोचलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. तो आग्रह मनात ठेवूनच मी आजचा विषय निवडला. तारेवरून येणाऱ्या विजेची वाट न पाहता आपल्या घरापुरती वीज आपण तयार करू पाहणारी जी हौशी माणसं जगभर आहेत, त्यांच्या खटपटीबद्दल मी बोलणार आहे. कुणी लाकूड तासून पवनचक्कीची पाती करतो. कुणी टाकून दिलेल्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या उघडून त्यातले चांगले सेल वेचतो. कुणी डोंगरावरून येणाऱ्या ओढ्यात पाइप टाकून खाली टर्बाइन फिरवतो. यातल्या फार थोड्यांचं ते पोटापाण्याचं काम असतं. आपल्याकडे अशा माणसाला ‘नाद लागलाय’ म्हणतात आणि विषय तिथेच संपवतात.

मला तो तिथे संपवायचा नाही. या नादातून दोन गोष्टी जन्माला येतात असं मी मानतो. पहिली म्हणजे विजेचा हिशेब. आपल्याला किती लागते, किती मिळते आणि किती साठते याचं नेमकं भान. दुसरी गोष्ट त्याहून मोठी आहे. हा हिशेब जेव्हा लिहिला जातो, चुकांसकट चारचौघांसमोर मांडला जातो, तेव्हा एका घराची खटपट समाजाचं ज्ञान होते. जिथे असं झालं तिथे या हौसेनं देशाचा उद्योगही उभा केला. जिथे झालं नाही तिथे ती हौस त्या माणसाबरोबर संपली.

आधी हिशेबाकडे वळू. कोकणातल्या एका मध्यम घराची कल्पना करा. नऊ वॉटचे सहा एलईडी दिवे रोज पाच तास लागले, तर पाव युनिटाच्या थोडं वर जातं. लहान फ्रिज दिवसाला साधारण एक युनिट घेतो. टीव्ही, मोबाइल, वायफाय यांना ०.३ युनिट धरू. विहिरीवरचा अर्ध्या हॉर्सपॉवरचा पंप थोडा वेळ चालला की पाव युनिट. आता पंखे. पंचाहत्तर वॉटचे जुने तीन पंखे दहा तास फिरले की सव्वादोन युनिट खर्च होतात. त्यांच्या जागी अठ्ठावीस वॉटचे बीएलडीसी पंखे बसवले की तेवढ्याच वाऱ्याला ०.८४ युनिट पुरतं. म्हणजे जुन्या पंख्यांसह या घराला रोज चार युनिट लागतात आणि नव्या पंख्यांसह २.७ युनिटांच्या आत भागतं.

ग्रिडवरच्या माणसाला हा फरक महिन्याच्या बिलात दिसतो. स्वतःची वीज करणाऱ्याला तो छपरावर आणि बॅटरीच्या खोलीत दिसतो. आपल्याकडे वर्षाची सरासरी काढली तर एक किलोवॉट सौर पॅनेलमधून दिवसाला चारेक युनिट हाती येतात. दोन ढगाळ दिवस निभावायचे, तर या घराला साडेपाच युनिट साठवावी लागतील. लेड-अ‍ॅसिड बॅटरी दीर्घकाळ टिकावी असं वाटत असेल तर ती निम्म्याहून खाली उतरवू नये. म्हणजे साठवण दुप्पट हवी. बारा व्होल्ट आणि दीडशे अँपिअर-अवर क्षमतेच्या बॅटरीत १.८ युनिट मावतात, म्हणून अशा सहा बॅटऱ्या लागतात. तीन पंखे बदलले नसते तर नऊ लागल्या असत्या. या धंद्यातला अनुभवी माणूस म्हणूनच पॅनेल विकत घेण्याआधी पंखे आणि फ्रिज बदलायला सांगतो. न वापरलेलं युनिट हे सगळ्यात स्वस्त युनिट आहे, हे त्याला पाठ करावं लागत नाही.

उष्णतेचा हिशेब तर डोळे उघडणारा आहे. पंधरा लिटर पाणी तीस अंशांनी तापवायला अर्धा युनिट वीज लागते. चार माणसांच्या आंघोळीला दोन युनिट गेले, म्हणजे बाकी सगळ्या घराच्या वापराच्या तीन चतुर्थांश. म्हणून ग्रिडविना राहणारी माणसं उष्णतेसाठी वीज वापरत नाहीत. पाणी सौरबंबात तापतं, बंबाच्या चुलीत झावळ्या जळतात आणि स्वयंपाक गोबर गॅसवर होतो. दोन घनमीटरच्या गोबर गॅसला रोज पन्नासेक किलो शेण लागतं आणि त्यावर एका कुटुंबाचा स्वयंपाक निघतो. ज्यांच्याकडे गुरं नाहीत त्यांच्यासाठी पुण्याच्या ‘आरती’ संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी खरकटं, वाया गेलेलं पीठ आणि पिष्टमय पदार्थांवर चालणारं आटोपशीर बायोगॅस संयंत्र विकसित केलं. त्याला २००६ मध्ये अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. ही परंपरा आपल्याकडे जुनी आहे. माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ मध्येच मैल्यापासून गॅस करून दिवे लावले गेले होते.

हिशेबाची तिसरी बाब पावसाळ्याची. जुलैत कोकणात सूर्य क्वचित दिसतो आणि पॅनेलचं उत्पन्न बरंच खाली जातं. पण त्याच महिन्यात घरामागचा पऱ्या भरून वाहत असतो. पंधरा लिटरची बादली त्या पाण्याखाली धरली आणि ती तीन सेकंदांत भरली, तर प्रवाह सेकंदाला पाच लिटर. ते पाणी पाइपातून वीस मीटर खाली आणलं, तर सैद्धांतिक शक्ती जवळपास एक किलोवॉट होते. पाइपातलं घर्षण आणि यंत्राची तूट वजा करून निम्मी हाती आली, तरी पाचशे वॉट झाले. आकडा लहान वाटतो. पण सूर्य संध्याकाळी मावळतो आणि पाणी रात्रभर वाहतं. पाचशे वॉट चोवीस तास म्हणजे बारा युनिट. एक किलोवॉट सौर पॅनेल भर उन्हाळ्यातही इतकं देत नाही. दिवस-रात्र पुरवठा असल्यानं बॅटरीही लहान पुरते. सह्याद्रीच्याच रांगेत, कर्नाटकातल्या मलनाडात, सुपारी आणि कॉफीच्या बागांतल्या घरांनी अशी छोटी संयंत्रं बसवली आहेत. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीतल्या, गोव्यातल्या सत्तरीतल्या कितीतरी वाड्यांना तोच डोंगर आणि तोच पाऊस मिळालेला आहे.

आता माणसांकडे येतो. स्कॉटलंडच्या वायव्य किनाऱ्यावर स्कोरेग नावाचं भूशिर आहे. तिथे मोटाररस्ता जात नाही. होडीनं जायचं, नाहीतर किनाऱ्यालगत काही मैल चालत. १९७० च्या दशकात तिथे राहायला गेलेल्यांत ह्यू पिगट नावाचा तरुण होता. वीज नव्हती, वारा मात्र मुबलक होता. त्यानं भंगारातून पवनचक्की केली, ती मोडली की सुधारली, मग शेजाऱ्यांसाठी केल्या. आधीची रचना गाडीच्या ब्रेक ड्रमभोवती उभी होती. पुढे नियोडिमियमचे जोरदार चुंबक बाजारात आले आणि त्यानं रचना बदलली. दोन पोलादी तबकड्यांवर चुंबक, मध्ये रेझिनमध्ये ओतून घट्ट केलेली तांब्याच्या तारेची वेटोळी, लाकडाची तीन पाती आणि मागे शेपूट. वेटोळ्यांत लोखंडाचा गाभा नसल्यानं यंत्र अडखळत नाही, हलक्या वाऱ्यातही सुरू होतं.

त्या शेपटीची करामत समजून घेण्यासारखी आहे. वाऱ्यातली शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की शक्ती आठपट. म्हणून पवनचक्की करणाऱ्यापुढे वीज कशी मिळवायची यापेक्षा वादळात यंत्र कसं वाचवायचं हा प्रश्न मोठा असतो. पिगटच्या यंत्रात शेपूट तिरप्या बिजागरीवर बसवलेली असते आणि पंखा मधल्या खांबापासून किंचित बाजूला. वारा वाढला की पंख्यावरच्या दाबानं शेपूट वर उचलली जाते आणि पंखा आपोआप वाऱ्यापासून तोंड फिरवतो. वारा पडला की शेपूट स्वतःच्या वजनानं खाली येते आणि पंखा पुन्हा वाऱ्याला सामोरा होतो. कुठलाही संगणक नाही, मोटर नाही. एक बिजागरी, तिचा नेमका कोन आणि शेपटीचं नेमकं वजन.

हे त्यानं स्वतःपाशी ठेवलं नाही. कोन, वजन, तारेची जाडी, चुंबकांची संख्या, सगळं पुस्तकांत लिहिलं आणि देशोदेशी कार्यशाळा घेतल्या. त्याच्या रचनेवर आधारलेल्या पवनचक्क्या आज कितीतरी खंडांत फिरताहेत आणि आपल्याकडे ऑरोव्हिलमध्येही त्या तयार झाल्या. त्यातलं एखादं पुस्तक हाती घेणारा माणूस शून्यातून सुरुवात करत नाही. आधीच्या यंत्राचं जे जे मोडलं, त्याच्या पुढून तो सुरुवात करतो.

मलावीतल्या विल्यम कामक्वांबाची गोष्ट अनेकांना ठाऊक असेल. २००१–०२ च्या दुष्काळात घरी फी भरायला पैसे नव्हते, म्हणून त्याची शाळा सुटली. गावच्या शाळेतल्या छोट्या वाचनालयात त्याला ऊर्जेवरचं एक पाठ्यपुस्तक सापडलं. त्यातली चित्रं पाहून या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलानं मोडकी सायकल, तिचा डायनॅमो, ट्रॅक्टरचा पंखा आणि निलगिरीचे वासे जमवून पवनचक्की उभी केली. पुढे त्यानं घरातल्या तारांसाठी खिळे, वेटोळी आणि चुंबक वापरून सर्किट ब्रेकरही केला. गोष्ट सांगताना लोक पवनचक्कीपाशी थांबतात. मला त्या ब्रेकरचं महत्त्व अधिक वाटतं. वीज आली की धोका येतो आणि त्याची जबाबदारी आपली, हे त्या मुलाला कुणी न सांगता कळलं होतं. आणि या सगळ्याच्या मुळाशी काय होतं? गावात असलेलं एक वाचनालय.

हौस जेव्हा एकत्र येते तेव्हा काय होतं, हे डेन्मार्कनं दाखवलं. १९७३ मध्ये तेलाचं संकट आलं तेव्हा तो देश जवळजवळ पूर्णपणे आयात तेलावर जगत होता. वाऱ्याची परंपरा मात्र जुनी होती. आस्कोव्हच्या लोकशाळेत पॉल ला कूर या शिक्षकानं १८९१ मध्ये पवनचक्कीतून वीज काढली होती. गेसरला १९५७ मध्ये योहानेस यूल यांनी दोनशे किलोवॉटचं यंत्र उभारलं होतं. सत्तरच्या दशकात क्रिस्टियन रिसेगर नावाच्या सुतारानं यूलच्या रचनेवरून घराच्या आवारात बावीस किलोवॉटचं यंत्र केलं आणि ते तारांना जोडलं. ट्विंडच्या शाळेत शिक्षक, विद्यार्थी आणि स्वयंसेवकांनी मिळून चोपन्न मीटर व्यासाची पवनचक्की बांधली. ती १९७८ मध्ये फिरू लागली. तेव्हा ती जगातल्या सर्वांत मोठ्या पवनचक्क्यांपैकी एक होती. त्याच सुमारास हेन्रिक स्टिसडाल हा तरुण आईवडिलांच्या शेतावर प्रयोग करत होता. कार्ल एरिक यॉर्गेन्सन या लोहाराबरोबर त्यानं तीन पात्यांचं यंत्र केलं. १९७९ मध्ये त्याचे हक्क एका कारखान्यानं घेतले. तो कारखाना तोवर शेतीची यंत्रं आणि क्रेन बनवत असे. त्याचं नाव वेस्टास.

हे फक्त कर्तबगार माणसांमुळे घडलं नाही. हे लोक नियमित मेळावे भरवत. कारागीर, शेतकरी, अभियंते एकत्र बसत आणि कुणाचं पातं तुटलं, कुणाचा ब्रेक लागला नाही, हे मोकळेपणानं सांगत. पवनचक्की मालकांनी १९७८ मध्ये संघटना काढली आणि प्रत्येक यंत्रानं महिन्यात किती वीज दिली, कुठे बिघाड झाला, हे आपल्या मासिकात छापायला सुरुवात केली. विकणाऱ्याला काही लपवता येईना आणि घेणाऱ्याला फसवलं जाण्याची भीती राहिली नाही. सरकारनं त्याच वर्षी रिसो इथे चाचणी केंद्र काढलं. १९७९ पासून तिथे मान्यता मिळालेल्या यंत्राला किमतीच्या तीस टक्के अनुदान मिळू लागलं. शेजारच्या जर्मनीनं मात्र थेट तीन मेगावॉटचं ‘ग्रोव्हियान’ नावाचं महायंत्र बांधलं. त्यामागे मोठ्या संस्था होत्या, मोठा पैसा होता. ते जेमतेम काहीशे तास चाललं आणि पाडावं लागलं. डेन्मार्कमधली यंत्रं लहान होती, मोडत होती, सुधारत होती आणि प्रत्येक सुधारणा सर्वांना कळत होती. आज त्या देशाची निम्म्याहून अधिक वीज वाऱ्यापासून येते.

महाराष्ट्रातही एक उदाहरण आहे आणि ते विसरलं जाता कामा नये. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव तालुक्यात, नर्मदेच्या खोऱ्यात बिलगाव आहे. उदई नदीच्या धबधब्यावर २००३ च्या जानेवारीत तिथे पंधरा किलोवॉटचं लहानसं जलविद्युत केंद्र सुरू झालं. केरळमधल्या ‘पीपल्स स्कूल ऑफ एनर्जी’च्या तरुण अभियंत्यांनी आराखडा केला, परदेशातल्या भारतीयांच्या ‘एड’ या संस्थेनं पैसे उभे केले आणि गावकऱ्यांनी श्रमदानानं बांध-कालवा बांधला. जिथे तारा पोचल्या नव्हत्या त्या पाड्यांवर दिवे लागले आणि शाळेतही वीज आली. ‘स्वदेस’ चित्रपटातल्या गावच्या विजेमागे याच प्रयोगाची प्रेरणा असल्याचं सांगितलं जातं. सरदार सरोवर धरणाची उंची वाढत गेली आणि २००६ च्या पावसाळ्यात हे केंद्र पाण्याखाली गेलं. मोठ्या विजेसाठी बांधलेल्या धरणानं लहान वीज बुडवली, ही हानी आहेच. पण मला आणखी एक हानी दिसते. बांध कसा घातला, भार कसा वाटला, टर्बाइनची देखभाल गावानं कशी शिकून घेतली, हे सविस्तर मराठीत लिहून शाळा-शाळांत पोचलं असतं, तर यंत्र बुडालं तरी त्याची विद्या दुसऱ्या धबधब्यावर उभी राहिली असती.

आता धोक्यांबद्दल. या हौसेचं कौतुक करणाऱ्यानं ते सांगितलेच पाहिजेत. बॅटरी म्हणजे घरातली धान्याची कणगी. ती भरलेली असावी, कोरड्या जागी असावी, तिच्याकडे रोज लक्ष हवं. लेड-अ‍ॅसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सुटतो, म्हणून खोलीत हवा खेळती हवी आणि ठिणगी वर्ज्य. लिथियम आयर्न फॉस्फेटचे सेल तुलनेनं शांत स्वभावाचे, पण दोन्ही टोकांवर चुकून पाना पडला तर हजारो अँपिअरचा प्रवाह वाहून पाना वितळतो. म्हणून बॅटरीच्या अगदी जवळ योग्य फ्यूज, प्रत्येक सेलवर नजर ठेवणारी बीएमएस, आणि डीसीसाठीच बनवलेले ब्रेकर हवेत. एसी प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यातून जातो, त्यामुळे त्याची ठिणगी विझायला संधी मिळते. डीसीची ठिणगी पेटतच राहते. स्वयंपाकघरातला साधा एसी ब्रेकर पॅनेलच्या तारेवर लावणं म्हणजे आगीला आमंत्रण.

बारा व्होल्टवर घर चालवायचा मोहही टाळावा. ९६० वॉटसाठी बारा व्होल्टवर ऐंशी अँपिअर वाहतात, अठ्ठेचाळीस व्होल्टवर वीस. प्रवाह चौथा हिस्सा झाला की त्याच तारेतली तूट सोळावा हिस्सा होते. लॅपटॉपचे जुने सेल वापरणारे जाणकार प्रत्येक सेल मोजतात, भरतात, काही दिवस ठेवून पुन्हा मोजतात. जो गरम होतो किंवा गप्प बसून उतरतो तो बाद. उरलेल्यांवर क्षमतेचा आकडा लिहून सारख्यांचे गट करतात आणि प्रत्येक सेलला बारीक तारेचा स्वतंत्र फ्यूज देतात. ज्याला इतका धीर नाही त्यानं या वाटेला जाऊ नये.

आणि सगळ्यात मोठा नियम शेजाऱ्याच्या जिवाचा. घरातला इन्व्हर्टर किंवा जनरेटर योग्य चेंजओव्हर स्विच न लावता घराच्या वायरिंगला जोडला, तर लाइट गेलेली असताना आपली वीज उलटी तारांत जाते. खांबावर चढलेल्या लाइनमनला ती लाइन मेलेली वाटत असते. आपल्या हौसेनं कुणाच्या घरचा कर्ता माणूस जाऊ शकतो. ग्रिडला जोडलेला सौर इन्व्हर्टर वीज गेल्यावर आपणहून बंद होतो तो याच कारणानं. छपरावर पॅनेल असूनही अंधार का, असं अनेक जण विचारतात, त्याचं उत्तर हे आहे. तशा वेळीही दिवे हवे असतील तर बॅटरी आणि घर ग्रिडपासून वेगळं करणारी व्यवस्था लागते.

अशा व्यवस्थेची गरज कोकणानं अनुभवली आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली या भागांत खांब आडवे झाले आणि कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. पुढच्याच वर्षी तौक्ते आलं. अशा दिवसांत ज्या वाडीत एखादं तरी घर स्वतःच्या विजेवर उभं असेल, तिथे मोबाइल चार्ज होतात, एखाद्याचं इन्सुलिन फ्रिजमध्ये सुरक्षित राहतं, पंपानं प्यायचं पाणी चढतं. एका घराची तयारी साऱ्या वाडीचा आधार होते.

यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो मी मनापासून मानतो. ज्यांना परवडतं ते ग्रिड सोडून गेले तर तारा, खांब, ट्रान्सफॉर्मर यांचा खर्च कुणी उचलायचा? उरलेल्या गरिबांनी? ग्रिड ही समाजानं मिळून बांधलेली फार मोठी वस्तू आहे. अमेरिकेत मार्सेलस जेकब्स आणि त्याच्या भावानं मोंटानातल्या कुरणांवर १९२० च्या दशकात पवनचक्क्या करायला घेतल्या आणि हजारो शेतघरं त्यावर उजळली. पण तिथल्या दहापैकी नऊ शेतांना तारेवरची वीज मिळाली नव्हती, म्हणूनच सरकारला १९३५ मध्ये ग्रामीण विद्युतीकरण संस्था काढावी लागली. ज्यांच्याकडे पवनचक्कीचे पैसे नव्हते त्यांच्यापर्यंत वीज पोचली ती त्या तारांनी. आपल्याकडेही तसंच आहे. सगळ्या गावांत वीज पोचल्याची घोषणा २०१८ मध्ये झाली, पण ती मोजणी गावातल्या दहा टक्के घरांवर समाधान मानत होती. शेवटच्या पाड्यापर्यंत तार नेण्याचं काम समाजाचंच राहिलं पाहिजे.

म्हणून ही हौस ग्रिडकडे पाठ फिरवण्यासाठी नसावी असं मला वाटतं. तिचं खरं स्थान दोन ठिकाणी आहे. जिथे तार पोचत नाही किंवा वादळात टिकत नाही, तिथे. आणि जिथे तार आहे तिथेही, कारण आता लाखो छपरं वीजघरं होऊ लागली आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारनं एक कोटी घरांवर सौर पॅनेल बसवण्याची योजना जाहीर केली. इतकी यंत्रं घराघरांत येणार असतील, तर त्यांची भाषा समजणारी माणसंही गावोगावी हवीत. अनुदान मिळतं, कंपनीचा माणूस पॅनेल बसवून जातो आणि दोन वर्षांनी उत्पन्न का घटलं हे सांगणारा गावात कुणी नसतो. हौशी माणूस नेमकी ही जागा भरू शकतो.

हे करण्यासाठी आपल्याकडे पायाही आहे. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्री. श्री. कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला आणि हाताने काम करत शिकणं हीच शिक्षणाची पद्धत केली. फलटणच्या निंबकर संस्थेत डॉ. अनिल राजवंशी यांनी ग्रामीण घरांच्या दिव्यांवर आणि चुलींवर वर्षानुवर्षं संशोधन केलं. आपल्या प्रत्येक तालुक्याच्या गावी मोटर वाइंडिंग करणारे, लेथ चालवणारे, बॅटरी दुरुस्त करणारे कसबी लोक आहेत. पिगटला जे स्कोरेगवर एकट्यानं जमवावं लागलं, ते कौशल्य आपल्या बाजारपेठेत शेजारी-शेजारी बसलेलं आहे. नाही ती एकत्र येण्याची आणि लिहून ठेवण्याची सवय.

म्हणून या व्यासपीठावरून मी तीन मागण्या करतो. प्रत्येक तालुक्याच्या आयटीआयमध्ये एक मोजणीचं टेबल असावं, जिथे कुणीही आपली बॅटरी, पॅनेल, पंप नेऊन तपासून घेईल आणि विद्यार्थी ते तपासायला शिकतील. वर्षातून एकदा जिल्ह्याच्या ठिकाणी असं काम करणाऱ्यांचा मेळावा व्हावा आणि त्यात यशापेक्षा बिघाडांवर आधी चर्चा व्हावी. महावितरणचे लाइनमनही तिथे बोलावले जावेत, कारण धोक्याचं ज्ञान त्यांच्याइतकं कुणापाशी नाही. आणि प्रत्येक गावच्या वाचनालयात या घरांच्या नोंदी मराठीत ठेवल्या जाव्यात. पॅनेल किती, बॅटरी कोणती, महिन्याला युनिट किती, काय जळलं, का जळलं, दुरुस्तीला किती लागले.

तरुण मित्रांना माझं सांगणं आहे की लगेच काही विकत घेऊ नका. आधी घरातल्या प्रत्येक उपकरणाचे वॉट आणि तास लिहून काढा. छपरावर सावली कधी आणि कुठून येते ते वर्षभर पाहा. ओढा असेल तर जूनपासून मार्चपर्यंत दर पंधरवड्याला त्याचा प्रवाह मोजा. एवढं केलं तरी तुम्हाला तुमच्या गावाच्या ऊर्जेबद्दल असं काही कळलेलं असेल, जे आज कुठल्याही कार्यालयाच्या फायलीत नाही. ते लिहा, त्याखाली तारीख घाला आणि दुसऱ्याला वाचायला द्या. डेन्मार्कच्या शेतकऱ्यांपाशी सुरुवातीला आपल्याहून फार वेगळं काही नव्हतं. वारा होता, कारागीर होते आणि संकट होतं. त्यांनी आपला हिशेब एकमेकांपासून लपवला नाही, आणि तेवढ्यावर त्यांचा देश पुढे गेला. आपल्याकडे ऊन आहे, पाऊस आहे, कसब आहे. हिशेब उघडा ठेवायचं मात्र आपण ठरवायचं आहे.